यंत्रात हात गेला, तर जबाबदार कोण?



उचगाव परिसरात आता दारोदारी यंत्रे आली आहेत. ट्रॅक्टर आहे, मळणी यंत्र आहे, कडबाकुट्टी तर बहुतेक गोठ्यांत आहे. गळीत हंगामात वाडं भरपूर येतं आणि कुट्टी रात्रीपर्यंत चालते. अशा वेळी कुणाची बोटं गेली, की दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. एक म्हणतो, "त्यानं हात घातलाच कशाला?" दुसरा म्हणतो, "कंपनीनं यंत्रच तसलं काढलंय." कायदा मात्र एकाच बाजूचे ऐकून निकाल देत नाही. तो काय विचारतो, ते आपण समजून घेऊ.

उत्पादकाची जबाबदारी

मळणी यंत्रासारख्या शेतीयंत्रांसाठी 1983 साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला आणि उत्पादक व विक्रेता यांना परवान्याचे बंधन घातले. पुढे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यातील सदोष मालाच्या जबाबदारीचे प्रकरण 20 जुलै 2020 पासून लागू झाले. यंत्राच्या घडणीत किंवा रचनेत दोष असेल, किंवा ते कसे वापरावे व धोका कुठे आहे याची पुरेशी सूचना दिली नसेल आणि त्यामुळे इजा झाली, तर उत्पादकाकडे भरपाई मागता येते.

एक निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ऑगस्ट 2015 मध्ये घेतलेल्या ह्युंदाई कंपनीच्या मोटारीला नोव्हेंबर 2017 मध्ये अपघात झाला आणि एअरबॅग उघडलीच नाही. धडकेचा जोर पुरेसा नव्हता, असे कंपनीने सांगितले. वेग आणि जोर यांचे गणित ग्राहकाने करावे अशी अपेक्षा धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 20 एप्रिल 2022 रोजी म्हटले. एकूण 3 लाख रुपये आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम झाला.

आपली जबाबदारी

आता दुसरी बाजू. ओलं वाडं अडकतंय म्हणून आपण कुट्टीच्या तोंडाचं झाकण काढून ठेवतो. ट्रॅक्टरच्या शाफ्टचं कव्हर नडतं म्हणून तेही काढतो. इजा झाली त्या वेळी यंत्रात असा फेरफार केलेला असेल किंवा त्याचा गैरवापर झाला असेल, तर विक्रेत्यावर दावाच आणता येत नाही. उत्पादकही हेच बोट दाखवतो. वापरणारा दारूच्या अमलाखाली असेल, किंवा धोका सर्वांना ठाऊक असलेलाच असेल, तर "सूचना दिली नाही" ही तक्रार टिकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट मजुराची. मालकाने कामासाठी यंत्र घेतले आणि उत्पादकाने मालकाला धोक्याची सूचना दिली, तर सूचना न दिल्याचा दोष उत्पादकाकडे राहत नाही. म्हणजे यंत्राबरोबरचे पुस्तक आपल्या हातात पडले, की मजुराला सांगण्याचे काम आपले झाले. पुस्तक इंग्रजीत असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यावे आणि मजुराला मराठीत समजावून द्यावे.

शिवाय यंत्रशक्तीवर चालणाऱ्या शेतीत कामावर असताना मजुराला इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व 1923 च्या कायद्यापासून चालत आले आहे आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. मजुराने जाणूनबुजून संरक्षक झाकण काढले असेल, तर काही बाबतीत मालकाला बचाव मिळतो; मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तोही नाही. आणि झाकण आपणच काढले असेल, तर बोलायचे काय?

काय करावे

1. पक्के बिल घ्यावे. त्यावर यंत्राचा क्रमांक आणि उत्पादकाचे नाव-पत्ता असावा. उत्पादक सापडत नसेल, तर विक्रेत्याला जबाबदार धरता येते.
2. बिल आणि माहितीपुस्तक जपून ठेवावे.
3. अपघात झाल्यास आधी दवाखाना. नंतर यंत्र आहे तसे ठेवावे, लगेच दुरुस्त करू नये किंवा भंगारात घालू नये. फोटो काढावेत, पंचनामा करून घ्यावा. पुरावा यंत्रातच असतो.
4. तक्रार 2 वर्षांच्या आत करावी. उत्पादक परराज्यातला असला, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, ती करता येते. यंत्राची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

शेतकरी हाही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बियाण्याच्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा हक्क आपला आहेच. परंतु भरपाईने तुटलेला हात परत येत नाही. हा अंक वाचून झाल्यावर गोठ्यात जाऊन एकदा पाहावे. कुट्टीचं झाकण कोपऱ्यात पडलं असेल, तर आजच बसवावे.