आधी अर्थिंग, मग आरटीएक्स

भाच्या, तुझी यादी बघितली. सगळ्यात वर आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड, त्याखाली रायझन प्रोसेसर, मग दिव्यांचे पंखे सहा, आणि शेवटच्या ओळीत ‘एसएमपीएस, कुठलाही चालेल’. ही यादी आता खालून वर वाच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मी ज्या शेठजींकडे हे काम शिकलो, त्यांचा दंडक होता की मशीन बिघडलं तर पहिला हात प्लगला लावायचा, शेवटचा प्रोसेसरला. नवीन मशीन जुळवतानाही मी तोच क्रम धरतो.

म्हणून खरेदीच्या आधी घरचं सॉकेट तपास. साताऱ्यात आपल्या जुन्या घरात तीन भोकांचं सॉकेट आहे खरं, पण वरच्या मोठ्या भोकात वायर पोचते का हे कुणी बघितलेलं नाही. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलाव. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आकडा आला पाहिजे, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तोच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट. दुसरा आकडा हेलकावे खात असेल तर अर्थिंग नावालाच आहे. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं. कोरड्या मातीत वीज उतरत नाही.

हे इतकं का सांगतो? कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, तेव्हा लोक म्हणतात एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, खराब आहे. बहुतेक वेळा तो चांगला असतो. त्याच्या तोंडाशी गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थिंग नसली की पत्रा या दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे ११०-११५ व्होल्टवर. करंट किरकोळ असतो, माणसाला फक्त झिणझिणतं. पण त्याच वेळी तू टीव्हीची एचडीएमआय वायर खुपसलीस आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर जोडलेली असेल, तर ती झिणझिणी तुझ्या महागड्या कार्डाच्या पोर्टमधून वाट काढते. पोर्ट गेला की वॉरंटीवाले हात वर करतात.

आता एसएमपीएस. खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नकोस, अंगावरचा स्टिकर वाच. त्यावर +१२ व्होल्टचा रकाना असतो, त्याखाली अँपिअर लिहिलेले असतात. मशीनमधला खरा खाणारा माल, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड, या १२ व्होल्टवरच जगतो. बाजारात ‘५०० वॅट’ लिहिलेला डबा मिळतो आणि स्टिकरवर १२ व्होल्टला १६ अँपिअर असतात. बारा सोळे एकशे ब्याण्णव. झाले तुझे पाचशे वॅट! चांगल्या ७५० वॅटच्या एसएमपीएसवर तोच आकडा ६२ च्या आसपास दिसेल. आरटीएक्स ५०७० एकटं २५० वॅट खातं आणि कंपनी त्याला किमान ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तू ७५० चा घे, ८० प्लस गोल्डचा, आणि एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला. हल्लीची कार्डं क्षणभर दुप्पट ओढतात, तो झटका सोसायची सोय या नव्या नियमात आहे.

मागच्या बाजूला ११५/२३० लिहिलेलं लाल बटण असलेला एसएमपीएस मुळीच घेऊ नकोस. ती जुनी बनावट. चांगला माल १०० पासून २४० व्होल्टपर्यंत स्वतःच सांभाळून घेतो. ज्या वस्तीवर घरं आणि शेतीपंप एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत, तिथे मोटारी सुरू झाल्या की दिवे पिवळे पडतात हे तुला माहीत आहे. सुट्टीत मशीन गावी नेणार असशील तर हा गुण कामाला येईल.

यूपीएसचंही गणित कर. साधा ६०० व्हीएचा यूपीएस खरा देतो साधारण ३६० वॅट. गेम रंगात आला की तुझं मशीन ४०० च्या पुढे जाणार, आणि नेमकी त्याच वेळी लाइट गेली तर यूपीएस एक शिट्टी मारून मान टाकणार. ११०० व्हीएच्या आसपासचा बघ. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइनवेव्ह हवा, स्क्वेअरवेव्हशी या नव्या एसएमपीएसचं पटत नाही.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेव. एसएमपीएसच्या सुट्या निघणाऱ्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला कधी लावायच्या नाहीत. टोक तंतोतंत बसतं, पण आतल्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. पाचाच्या जागी बारा व्होल्ट गेले की एसएसडी जागेवर संपते. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर सारखी दिसते, ती सारखी नाही. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीच्या जागी लावतोयस. उलट कार्डाची नवी १६ पिनांची वायर मात्र पुरती आत गेली पाहिजे. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० ची सॉकेटं वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, तेव्हा वायर अर्धवट बसणं हे एक कारण निघालं होतं. बसवल्यावर बॅटरी मारून बघ, फट दिसता कामा नये.

प्रोसेसर आणि बोर्ड ही जोडी एकत्रच ठरवायची. सॉकेट सांगेल ते खरं. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे, आणि नाव जवळपास सारखंच, शेवटी कुठेतरी ‘डी४’ लिहिलेलं. दोन्ही रॅमना २८८ पिना आहेत, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे. दाबून बसवणारे महाभाग मी बघितलेत. माझं मत एएम५ च्या बाजूने आहे. एएमडीने २०२७ आणि पुढेही हे सॉकेट चालवू असं म्हटलंय, आणि आधीच्या एएम४ ला त्यांनी २०२४ पर्यंत नवे प्रोसेसर दिले. चार वर्षांनी तू नोकरीला लागशील तेव्हा नुसता प्रोसेसर बदलता येईल.

मात्र आपल्याकडे बोर्ड दुकानाच्या फळीवर बरेच दिवस पडून असतात. बी६५० बोर्ड सुरुवातीच्या मालातला असेल आणि तू रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर लावलास, तर बोर्ड त्याला ओळखणारच नाही, पडदा काळा. म्हणून मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड माग. पेनड्राइव्हवर फाइल टाकून प्रोसेसरशिवाय बायोस बदलता येतो. आणि प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. थोडे पैसे वाचतात हे कबूल. पण उद्या कार्ड दुरुस्तीला गेलं तर मशीन आंधळं. रायझन ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आहे. बिघाड कार्डात आहे की बोर्डात, हे दोन मिनिटांत कळतं.

५०७० ला ७६०० पुरेल का, हे तू विचारलंयस. पुरेल, पण पडदा १४४० पीचा असेल तर जास्त चांगलं. १०८० पीवर कार्डाचं काम लवकर उरकतं आणि ते प्रोसेसरची वाट बघत बसतं. खिलारी खोंडाला म्हातारा बैल जुंपला की गाडी म्हाताऱ्याच्याच चालीनं जाते. व्हॅलोरंटसारखा खेळ जवळजवळ सगळा प्रोसेसरवर चालतो, सायबरपंक कार्डाला घाम फोडतो. तू काय जास्त खेळतोस ते आधी खरं सांग; मित्रांना दाखवायला काय उघडतोस ते नको सांगूस. नुसतं व्हॅलोरंटच असेल तर ५०७० ची गरजच नाही, खालचं कार्ड घे आणि उरलेले पैसे पडद्याला लाव.

रॅम सोळा-सोळाची जोडी, ६००० ची, आणि एकाच पाकिटातली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की पोरं आज एक कांडी, पुढच्या महिन्यात एक असा विचार करतात. तसं करू नकोस, वेगळ्या लॉटच्या कांड्या पुऱ्या वेगाने चालतीलच असं नाही. चार कांड्या लावल्यास तर डीडीआर५ चा वेग आणखी खाली येतो. प्रोसेसरकडून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव. पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहील. एएम५ वर बोर्ड रॅमशी ओळख करून घेत असतो. घाबरून बटण दाबू नकोस, चहा पिऊन ये. नंतर बायोसमध्ये जाऊन रॅमला पुरा वेग देणारं ‘एक्स्पो’ चालू कर, नाहीतर ६००० चे पैसे देऊन ४८०० वर चालवशील.

एसएसडीत फार डोकं घालू नकोस. एनव्हीएमई घे, आणि दुसऱ्या खाचेत बसवल्यावर साटाचा एखादा पोर्ट बंद होतो का, तेवढं बोर्डाच्या पुस्तिकेत बघ.

कॅबिनेट मात्र टेप हातात घेऊन घ्यायचं. कार्डाची लांबी किती, कूलरची उंची किती, आणि कॅबिनेट किती सामावतं, हे तीन आकडे मिलिमीटरमध्ये कागदावर लिही. पुढे पंखे किंवा रेडिएटर लावलेस की कार्डाची जागा तेवढी कमी होते, हे सगळेच विसरतात. आणि पुढे काच नको, जाळी हवी. सांगलीच्या वालचंद कॉलेजला जाशील तेव्हा विश्रामबागेतल्या रूमवर एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड करायचं यंत्र पंख्यात नसतं, दिवे कितीही लाव. सहाऐवजी तीन पंखे घे, दोन पुढून आत, एक मागून बाहेर. बाकीचे दिवे गणपतीच्या आरासीत लावू.

सांगलीत उष्मा आणि धूळ, साताऱ्यात ओल. मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीची बारीक पूड पंख्यांच्या पात्यांवर पिवळी साय धरते, मी स्वतः ब्रशने खरवडून काढली आहे. साफ करताना पंखा बोटाने धरून ठेव आणि मग ब्लोअर मार, नाहीतर तो गरगरून बेअरिंग खराब होतं. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी असतं. साताऱ्याच्या पावसाळ्यात उलट काळजी: मशीन आठ-आठ दिवस बंद ठेवू नकोस, रोज तासभर चालव, आतली ऊब ओल धरू देत नाही. भिंतीला चिकटवून किंवा जमिनीवर ठेवू नकोस.

जुनं कार्ड घेणार असशील तर दोन गोष्टी सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, ती अजून हात बदलत फिरतात. ती वाईटच असतात असं नाही, पण पंखे आणि मेमरीवरचे पॅड थकलेले असतात. दुसरी गोष्ट आपल्या भागाची. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पुन्हा पूर आला. दुकानंच्या दुकानं पाण्यात होती. पाण्यातून निघालेला बोर्ड धुऊन वाळवला की सुरूही होतो, आणि वर्ष-सहा महिन्यांनी बंद पडतो. म्हणून जुना बोर्ड उन्हात तिरपा धर. रॅमच्या खाचांच्या तळाशी, स्क्रूच्या भोकांच्या कडेला आणि पोर्टच्या पत्र्याआड बघ. मातकट रेघ किंवा हिरवट गंज दिसला की विषय संपला.

नवीन माल सातारा-सांगलीतून घ्यावा, पुण्याच्या तपकीर गल्लीतून की ऑनलाइन, यावर तुझा आणि माझा वाद होणारच. भाव तिन्हीकडे विचार. पण बिल जीएसटीचं हवं आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर हवा, वॉरंटी त्या नंबरला असते, तुझ्या चेहऱ्याला नाही. प्रोसेसर खोक्यातला घे. ‘ट्रे’चा स्वस्त पडतो, पण त्याला कंपनी उभी राहत नाही, विकणाऱ्याची जबान तेवढी वॉरंटी. कुणी दुबईहून कार्ड आणतो म्हणाला तर भारतात वॉरंटी चालते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचार. त्याला विचारू नकोस.

जोडणी घरीच कर, मी फोनवर आहे. कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव, प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम एवढ्यावर सुरू करून बघ. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढलंस का, हे पेस्ट लावण्याआधी पुन्हा बघ. विंडोज टाकताना बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असू दे. विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्याशिवाय उघडत नाही. जुन्या मशीनची हार्डडिस्क एमबीआरची असेल तर तिच्यावर विंडोज टाकू नकोस, सिक्युअर बूटला जीपीटी लागते.

आणि पडद्याची वायर कार्डाला लाव, बोर्डाला नाही. डिस्प्लेपोर्टचीच लाव. मग पडदा १६५ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० वरून १६५ कर. हे विंडोज प्रत्येक वेळी आपणहून करतंच असं नाही.