चांगथांगी शेळी आणि चाऱ्याचा हिशेब: शिष्यास पत्र



पूर्व लडाखमध्ये चार हजार मीटरहून उंच पसरलेल्या चांगथांगच्या पठारावर पश्मिना शेळ्यांच्या कामासाठी निघालेल्या पशुवैद्यकाने हे आधीच जाणून असावे की, उस्मानाबादी शेळीवर शिकलेले वजनाचे गणित तेथे जसेच्या तसे चालत नाही. चांगथांगी शेळीच्या अंगावर वर लांब, राठ केस आणि त्यांच्या तळाशी मऊ लव असते. या लवेलाच पश्म म्हणतात आणि तिचा तंतू सुमारे १२ ते १५ मायक्रॉन जाड असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). थंडी पडली की पश्म येते, ही समजूत अर्धीच खरी आहे; जूनअखेरीनंतर दिवस लहान होऊ लागताच ती वाढू लागते, डिसेंबरच्या सुमारास वाढ थांबते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती मुळातून सुटते.

खरा प्रश्न त्याही आधीचा आहे. राठ केस त्वचेतील मोठ्या रोमकूपांतून, म्हणजे केस उगवतो त्या सूक्ष्म खळग्यांतून, येतात, तर पश्म त्यांच्याभोवती झुबक्याने असलेल्या लहान रोमकूपांतून येते. हे लहान रोमकूप करडू आईच्या पोटात असतानाच घडू लागतात आणि जन्मानंतरच्या काही महिन्यांत पुरे होतात, त्यामुळे गाभण शेळीची उपासमार करडाच्या अंगावर जन्मभर राहू शकते आणि ती तूट पुढच्या चाऱ्याने भरून निघत नाही. बर्फाने कुरणे झाकली जातात तेव्हा साठ्यातला चारा सर्व कळपात सारखा वाटणे न्यायाचे दिसते, पण शास्त्राला ते धरून नाही. गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्यांचा वाटा आधी काढावा, मग उरलेल्यांचा.

बोकड निवडताना केवळ पश्मेच्या वजनावर भुलू नये, कारण वजनाबरोबर तंतूची जाडीही वाढत जाते आणि लडाखी पश्मिन्याला २०२३ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन ज्या तलमपणावर उभे आहे, तोच पिढ्यागणिक निसटू लागतो. कुशीवरचा नमुना मोजल्याशिवाय कोणताही बोकड कळपात सोडू नये.

पश्म कातरू नये, विंचरावी. कातरल्याने राठ केस तिच्यात मिसळतात आणि पुढे ते वेगळे करणे जड जाते. पाय बांधून कुशीवर निजवलेल्या शेळीच्या मानेवरचे केस बोटांनी विलगून पाहावेत: लव कातडीपासून उचललेली दिसली, तर आकड्या दातांची फणी हलक्या हाताने चालवावी, ती अडली, तर शेळी सोडून द्यावी आणि काही दिवस थांबावे, कारण ओढून काढलेल्या पश्मेबरोबर कातडी सोलली जाते आणि तेथील रात्री अजून गारठ्याच्या असतात. चांगपा पशुपालकांना हा क्षण हाताच्या स्पर्शाने कळतो. म्हणून पहिल्या हंगामात पशुवैद्यकाने फणी मागू नये, शेळीचे पाय धरून बसावे.