दर न छापलेली चिंबोरी

अकोल्याची मावशी आणि काका मुंबईत आले की त्यांना समुद्राची मासळी खायची असते. तिकडे रोजच्या जेवणात रोहू, कटला, मरळ. चिंबोरी मात्र मुंबईतच खायची, असं त्यांचं ठरलेलं. म्हणून जुलैतल्या एका संध्याकाळी त्यांना लोअर परळच्या एका नव्या मासळीच्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेले. दाराशीच बर्फावर मांडलेली मासळी, काचेपलीकडे उघडं स्वयंपाकघर, नम्र वेटर. जेवण चांगलं झालं, हे आधी सांगते. बिल आलं तेव्हा मात्र काका गप्प झाले. पैसे मीच देणार, असा हट्ट त्यांनीच धरला होता आणि एकट्या चिंबोरीचे ३,९०० रुपये लागले होते.

ती चिंबोरी वेटरने आधी जिवंत आणून दाखवली होती, नांग्या दोरीने बांधलेली. "बटर गार्लिक करू की तंदूर?" एवढंच त्याने विचारलं. कार्डावर तिच्यापुढे आकडा नव्हता, 'अ‍ॅज पर साइझ' असं छापलेलं होतं. बिलावर वजन नव्हतं, फक्त 'क्रॅब, नग १'. मॅनेजरना विचारलं तर त्यांनी तोंडी सांगितलं, सव्वा किलोच्या वर होती. चिंबोरी खाऊन झालेली. आता ते वजन पडताळायचं कसं? मावशी मला हळूच म्हणाली, "जाऊ दे गं, चारचौघांत कशाला?" या 'चारचौघांत कशाला'मुळेच आपण विचारत नाही, आणि म्हणून हे लिहायला बसले.

'अ‍ॅज पर साइझ' लिहिण्यात लबाडी असतेच असं नाही. मासळीचा दर रोज बदलतो, अख्खं पापलेट किंवा चिंबोरी एकसारख्या वजनाची मिळत नाही, त्यामुळे कार्डावर कायमचा आकडा छापणं हॉटेलला खरंच अवघड आहे. पण आजचा किलोचा दर त्यांना ठाऊक असतो आणि काटा स्वयंपाकघरात असतोच. तेव्हा जिन्नस आत जाण्याआधी विचारायचं: किलोला काय दर, याचं वजन किती, आणि हे वजन अख्ख्या कच्च्या मासळीचं की साफ केल्यानंतरचं. वजन डोळ्यांसमोर करून मागा आणि ऑर्डरच्या कागदावर लिहायला सांगा. चिंबोरीच्या वजनात मोठा वाटा कवचाचा असतो आणि शेवंडीचं खाण्याजोगं मांस बहुतेक शेपटीत, त्यामुळे किलोच्या दरावरून ताटात किती येईल याचा अंदाज चुकतो. वजन जास्त वाटलं तर लहान आणायला सांगावी. त्यात कमीपणा नाही.

जिवंत चिंबोरी समोर आणलीच आहे तर ती नीट पाहून घ्या. आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. नुकतीच कात टाकलेली चिंबोरी दिसायला मोठी, पण आतून पाणचट असते; पोटाकडचं कवच बोटाने दाबलं आणि ते दबलं तर ती नको म्हणावं. पोटावरची झडप रुंद असेल तर मादी, तिच्यात गाभोळी मिळू शकते. अरुंद, टोकदार असेल तर नर, त्याच्या नांग्या भरदार. आणि ती हलती हवी. चिंबोरी मेल्यावर फार लवकर खराब होते.

आता जुलैबद्दल. आमच्या टेबलावर 'आजची ताजी पकड' अशी वेगळी चिठ्ठी होती आणि तीत पापलेट होतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरची एरवीची गडबड या दिवसांत ओसरते. मग पापलेट आलं कुठून? बेइमानीचीच शंका घ्यायला नको. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते, त्यामुळे तिकडची मासळी येऊ शकते. शीतगृहातली असू शकते. बाहेरदेशची असू शकते. कोळंबी तर बरीचशी तळ्यांत वाढवलेली असते आणि बाराही महिने मिळते. नीट गोठवलेला मासा वाईट नसतो. माझी हरकत एवढीच की गोठवलेल्याला 'आजची पकड' म्हणून ताज्याचा दर लावू नये. जून-जुलैत सरळ विचारावं, "हे कुठून आलंय?" चांगल्या ठिकाणी उत्तर लगेच मिळतं, कारण खरेदी करणाऱ्याला ते माहीत असतं. वेटर चाचरला तर पापलेटऐवजी कोळंबी मागवावी किंवा सरळ शाकाहारी काही.

बंदी उठल्यावरही 'ताजी' हा शब्द जरा तपासूनच घ्यावा. मोठ्या ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात राहतात, पहिल्या दिवशीची मासळी तितके दिवस बर्फात असते. उलट बोंबील, मांदेली, करंदी ही डोल जाळ्यांची मासळी किनाऱ्याजवळ मिळते आणि लवकर बाजारात येते. बोंबलात पाणी इतकं की शिळा झाला तर तो लपत नाही. म्हणून मोसमात नव्या रेस्टॉरंटची पारख करायची तर मी आधी बोंबील मागवते. तो बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ आणि वासाला स्वच्छ आला, तरच पुढची महाग ऑर्डर. अख्खा मासा मागवत असाल तर शिजवण्याआधी बघायला मागा. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, अंग बोटाने दाबल्यावर परत वर येणारं. दादरच्या बाजारात कोळीण आपण न सांगता कल्ला उघडून दाखवते. चौपट पैसे मोजताना तेवढं पाहायचा हक्क आपल्याला असलाच पाहिजे.

ज्या पदार्थावर माशाचं नावच नाही तिथे विशेष सावध राहा: 'फिश टिक्का', 'फिश फिंगर', 'फिश इन लेमन बटर'. पांढरा, बिनकाट्याचा, मऊ आणि समुद्राची चव नसलेला तुकडा आला तर तो बहुधा बासा असतो. मूळचा व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडचा हा गोड्या पाण्यातला मासा आता आपल्याकडेही तळ्यांत वाढवतात. खायला काहीच हरकत नाही, पण तो स्वस्त मासा आहे. रावस किंवा सुरमईच्या भावाने तो घेऊ नये. काही कार्डांवर 'इंडियन सालमन' लिहिलेलं असतं. तो आपला रावस. नॉर्वेहून येणाऱ्या गुलाबी सालमनशी त्याचं नातं नाही, आणि चवीने तो कुठेही कमी नाही, म्हणून रावसच म्हणून मागा.

तब्येतीचंही सांगायला हवं. माझ्या एका मैत्रिणीला ट्यूनाचं सॅलड खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंडावर लाली आली, ओठ चुणचुणले, डोकं दुखायला लागलं. तिला ती अ‍ॅलर्जी वाटली. डॉक्टरांनी हिस्टामीनची विषबाधा सांगितली. ट्यूना, बांगडा, सुरमई असे मासे पुरेसे थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामीन तयार होतं आणि शिजवूनही ते जात नाही. पहिल्याच घासाला मिरमिरीत, धातूसारखी चव लागली तर घास बाजूला काढा, ताट परत पाठवा. भिडेखातर गिळू नका. त्रास वाढला, श्वास लागला तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर कच्ची कालवं, सुशी मागवूच नयेत. कोळंबी-चिंबोरीची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने बटाट्याचे कापही कोळंबी तळलेल्या तेलातच तळलेत का, हे विचारून घ्यावं.

बिलाकडे परत येते. आमच्या बिलात १० टक्के सेवा शुल्क होतं आणि त्या रकमेवरही जीएसटी लावलेला होता. सेवा शुल्क सक्तीने लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मी शांतपणे सांगितल्यावर मॅनेजरनी ते काढून नवं बिल दिलं. न काढल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. वेटरने मनापासून वाढलं होतं, त्याला मावशीने टिप वेगळी दिली. ती तशीच द्यावी.

एक गोष्ट खाणाऱ्यांनी स्वतःहून पाळावी. पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्य मासा ठरवलं, आणि त्याच वर्षी अनेक जातींच्या माशांना पकडण्याजोगी किमान लांबीही ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर, सुरमईसाठी ३७०. तळहातावर मावणारी पापलेटं 'बेबी पॉम्फ्रेट' म्हणून ताटात सजवून येतात, ती बघायला गोजिरी असतात. ती नाकारा. अंडी घालण्याआधीच मासा खाल्ला तर पुढच्या मोसमात कोळ्याच्या जाळ्यात काय येणार?

रेस्टॉरंटवाल्यांना माझी विनंती आहे. 'अ‍ॅज पर साइझ'च्या जागी दाराशी एक फळा लावा: माशाचं खरं नाव, आजचा शंभर ग्रॅमचा दर, ताजा की गोठवलेला. आणि बिलावर वजन छापा.