वाट आणि भाकरी, दोन्ही विचारून

पोरी, मैत्रिणींना घेऊन सह्याद्रीत निघालीच आहेस, तर आत्याचं एवढं ऐकून ठेव.

तालुक्याच्या गावी उतरलीस की "चांगलं हॉटेल कुठंय?" असं विचारू नकोस. लोक तुझे कपडे बघून हमरस्त्यावरचं झगमगीत ठिकाण दाखवतील. त्यापेक्षा मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर कुठं जेवतात ते बघ. बाजाराचा वार साधला तर फारच छान. आत गेल्यावर "आज काय केलंय?" एवढंच विचार. जुन्नरकडे हुलग्याचे शेंगोळे किंवा मासवडी असं उत्तर आलं, तर दुसरं काही मागू नकोस. पावसाच्या तोंडाला शेवळं, पुढं भारंगी, कुर्डू या भाज्या पाटीवर लिहिलेल्या नसतात, विचारणाऱ्यालाच मिळतात.

डोंगराखालच्या वाडीत बहुधा खानावळ नसतेच. तिथं चढायच्या आधी एखाद्या घरी सांगून जा: माणसं किती, येणार कधी, पिठलं-भाकरी पुरे. पैसेही तेव्हाच ठरव. उतरायला उशीर झाला, भूक मेली, तरी त्या घरी जायचं आणि ठरलेले पैसे द्यायचेच. तुमच्यासाठी त्या माउलीनं चूल पेटती ठेवलेली असते.

वाटेचं मात्र नीट ऐक. नाणेघाट सगळ्यांना माहीत आहे. सातवाहनांच्या काळातला व्यापारी घाट, माथ्यावर दगडी रांजण. पण ढाकोबाजवळचा दाऱ्या घाट किंवा त्याहून लहान, नावही न ऐकलेल्या वाटा गाववाल्यांकडूनच कळतात. "ही वाट खाली जाते का?" म्हटलंस तर "जाते की!" हेच उत्तर येणार, आणि ते खरंही असतं. म्हणून असं विचार: "इथनं गुरं उतरतात का? बाया डोक्यावर ओझं घेऊन जातात का? यंदा कुणी गेलं होतं का?" गुरं उतरत असतील तर निर्धास्त जा. ओझं घेऊन माणूस जात असेल तर तुम्हालाही जमेल. "गडीमाणूस जातो" म्हणाले, तर हात टेकून उतरायचा कडा आहे असं समज. आणि "वाट मोडलीय" हे ऐकलंस की तिथूनच मागे फिर. अंतर विचारलंस तर "हे काय, इथंच" म्हणतील, तेव्हा "तुम्ही सकाळी निघून कधी पोचता?" असं विचार आणि त्याची दुप्पट धर.

पण गुरं घाट उतरतात म्हणून दिसेल ती ढोरवाट धरू नकोस, चरायला जाणारी ढोरवाट फसवते. ती फाटत फाटत गवतात नाहीतर पाणवठ्यावर विरते. माणसांची वाट एक रोख सोडत नाही; कातळ पायांनी गुळगुळीत झालेला असतो, फाट्यावर दगडावर दगड रचलेला दिसतो, जुन्या घाटाच्या माथ्यावर शेंदूर फासलेली वाघजाई असते. दसऱ्याच्या सुमारास गवत पुरुषभर वाढतं आणि या खुणा झाकतं. पायाखाली वाट लागेनाशी झाली की शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागं यायचं. पावसाळ्यात नाळेत, म्हणजे कड्यामधल्या उभ्या घळीत, तर मुळीच उतरू नकोस, पाण्याबरोबर दगड येतात.

अनोळखी घाटाला वाटाड्या घ्यावाच. त्याला पायथ्याशी सोडून निघून येऊ नका. तो तोच घाट एकटा परत चढणार असतो. त्याच्या जेवणाचं बघा आणि अंधाराच्या आत घरी पोचेल अशा बेतानं त्याला मोकळं करा.