आधी लाइटबिलावरचं नाव बघा!

निमगाव केतकीत आमचं दोन खोल्यांचं घरकुल आहे. सकाळी पानमळ्यात पानं खुडायची आणि संध्याकाळी बचत गटाचं दप्तर लिहायचं, हा माझा रोजचा दिवस. 2024 साली प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून घरावर एक किलोवॉटचा सोलर बसवला. मग गटातल्या बायकांचेही अर्ज भरून दिले. त्यात जे शिकले, ते सांगते.

1. पहिली अडचण नावाची
आमचं मीटर सासऱ्यांच्या नावावर होतं. ते जाऊन नऊ वर्षं झाली, पण बिल वेळेवर भरत होतो, म्हणून नाव बदलायचं कुणाच्या मनातच आलं नाही. अर्ज करताना अडलं. मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, दोन्ही भाऊजींचं संमतीपत्र, सगळं गोळा करावं लागलं. धाकटे भाऊजी मुंबईला, त्यांची सही दिवाळीला मिळाली. पुढे गटातले बरेच अर्ज याच कारणाने अडले.

2. अनुदान मागून येतं
केंद्राकडून एका किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा जास्तीला 78,000 रुपये मिळतात. पण ते सोलर बसून, तपासणी होऊन मग खात्यावर जमा होतात. तोवर पदरचे घालावे लागतात. मी गटातून कर्ज काढलं आणि अनुदान आलं त्याच दिवशी फेडलं. ज्या बाईला गट नाही, तिने काय करायचं? हातावर पोट असणाऱ्याला ‘आधी भरा, मग घ्या’ हे परवडत नाही.

3. राज्याच्या जोडीने फरक पडला
2025 मध्ये राज्याने ‘स्मार्ट’ योजना आणली. महिन्याला 100 युनिटच्या आत वीज लागणाऱ्या गरीब घरांसाठी ती आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला केंद्राच्या 30,000 वर आणखी 17,500 रुपये मिळतात. अनुसूचित जाती-जमातींना 15,000 आणि इतरांना 10,000. एका किलोवॉटचा खर्च 50,000 धरला, तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला 2,500 रुपयेच भरायचे राहतात. हे ऐकून शेजारच्या मावशी म्हणाल्या, “एवढंच? करडू विकलं तरी भागेल की!” सरकारचा पैसा असा पोचला, तरच तो गरिबाचा होतो.

4. सावली मोजून जागा ठरवा
एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते. आमच्या स्लॅबवर कडुनिंबाची सावली येते. ह्यांनी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीच्या कडेने चुन्याच्या रेषा मारल्या. तिन्ही रेषांच्या बाहेर जो तुकडा उरला, तिथेच पॅनेल बसवले. पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी वीज बरीच घटते. पत्र्याच्या घरांचं मात्र अवघड आहे. जुना पत्रा आणि कुजके वासे पॅनेलचा भार आणि वारा सोसत नाहीत. सगळ्यात गरजू घरं तीच, आणि मागे राहतात तीही तीच. छप्पर नीट करायलाही मदत हवी.

5. लाइट गेली की सोलरही थांबतो
एका दुपारी वळीव येऊन गेला, लाइट गेली. मग कडक ऊन पडलं, तरी घरातला पंखा फिरेना. बिघाड नव्हता. बॅटरी नसलेला हा सोलर लाइनला जोडलेला असतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून लाइट गेली की तो आपोआप बंद होतो. हे बसवण्याआधीच विचारून घ्या.

6. पॅनेलची निगा ठेवा
एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, पण पॅनेलवर धूळ बसली की कमी. मी आठवड्यातून एकदा, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसते. बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करायची असते, तो कागद जपून ठेवा. बिल शून्य होईल असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, स्थिर आकार येतोच.

योजना चांगली आहे, पैसाही आहे. घोडं अडतं ते कागदावर. प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा मीटरवरची नावं बदलायचं शिबिर घ्यावं, निम्मं काम तिथेच होईल. तोवर तुम्ही एवढं करा: आज घरी गेल्यावर लाइटबिल काढा आणि त्यावरचं नाव वाचा. ते माणूस हयात नसेल, तर उद्याच अर्ज द्या.