ओले लाकूड आणि बिस्किटाचा कागद



घर पर्यावरणाला पूरक कसे करावे, असे कोणी विचारले की आपण लगेच झाडे लावायला सांगतो. या अंकातील पाठ मात्र चुलीपासून सुरू करू. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जंगलातले लाकूड, घरातला कचरा आणि लेकरांचा खोकला हे तिन्ही चुलीपाशीच एकत्र येतात.

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात एका पाड्यावर मी बायकांना "प्लास्टिक जाळू नका" असे समजावत होते. बैठकीनंतर एका घरी जेवायला थांबले. घरच्या आजीने बिस्किटाच्या पुड्याचा कागद पेटवून चुलीत सरकवला. मी हळूच आठवण केली, तर ती म्हणाली, "ताई, मग तूच पेटव." मी बराच वेळ फुंकणी फुंकली. डोळे चुरचुरले, पण जाळ धरला नाही. शेजारच्या झोळीतले बाळ खोकत उठले. शेवटी आजीने तोच कागद घातला आणि भात शिजला. त्या दिवशी शिकवले कोणी आणि शिकले कोण, हे सांगायला नको.

बाई प्लास्टिक जाळते ते हौसेने नव्हे, लाकूड ओले असते म्हणून. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचेच असते. आधी ते पाणी उडवण्यात जाळ खर्च होतो, म्हणून उष्णता कमी आणि धूर जास्त. या धुराने लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्यात प्लास्टिक जळाले की विषारी वायूंची भर पडते. 2016 पासून उज्ज्वला योजनेत पुष्कळ घरी गॅस आला, पण 14.2 किलोची टाकी संपली की पुन्हा भरायला एकदम पैसे काढावे लागतात. म्हणून चूल विझलेली नाही, आणि ती विझवा असे मी सांगणारही नाही.

मग करायचे काय? वाळलेले लाकूड उन्हाळ्यातच फोडून ठेवा. मनगटापेक्षा जाड फाटे नकोत. बारीक फोडलेले लवकर सुकते आणि नीट जळते. रचताना खाली दगड किंवा बांबू घाला, म्हणजे जमिनीची ओल चढणार नाही. वर छप्पर हवे, बाजू मोकळ्या हव्यात. प्लास्टिकने चहूकडून गुंडाळलेली रास आतून घामते आणि बुरशी धरते. ही चूक आमच्या केंद्रावरही झाली आहे. चूल पेटवण्यापुरत्या बांबूच्या कामट्या आणि मूठभर पेंढा घरात कोरड्या जागी, चुलीच्या ठिणगीपासून दूर ठेवा. एवढे असले की कागदाची गरजच पडत नाही.

लाकूड वाचवायच्या बाकीच्या गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत, फक्त रोज होत नाहीत. वाल किंवा हरभरे रात्री भिजत घाला, डाळ तासभर आधी. भांड्यावर झाकण ठेवा. भात उतरला की जळती लाकडे बाहेर ओढून विझवा. नुसत्या गप्पांच्या वेळी कितीतरी लाकूड जळून जाते! उरलेल्या निखाऱ्यांवर अंघोळीचे पाणी ठेवता येते.

राहिला प्लास्टिकचा प्रश्न. जाड बाटल्या, डबे भंगारवाला घेतो. चकचकीत पुड्यांना तो हात लावत नाही, म्हणून ते विकत आणणेच कमी करावे. आठवडे बाजाराला जाताना कापडी पिशवी न्या, आणि पाच रुपयांच्या पुड्यांऐवजी शेंगदाणे-गूळ आणा. मुले आधी कुरकुरतील, मग खातील.

आता घरचा अभ्यास. आठवडाभर जंगलातून आणलेल्या प्रत्येक मोळीसाठी कुडाच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढा. दुसऱ्या आठवड्यात झाकण आणि भिजवणे सुरू करून शेजारी पुन्हा रेघा ओढा. पुढच्या बैठकीत दोन्हीकडच्या रेघा मोजू. मोळी कोणाच्या डोक्यावरून आली, तेही सांगा.