बाबांचं ऑपरेशन करायचं की नाही?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: वडील 72 वर्षांचे, गालाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. नातेवाईक म्हणतात, या वयात चाकू नको, नुसती ‘लाईट’ द्या.

ताई, तोंडाच्या कॅन्सरची गाठ काढण्याजोगी असेल तर ऑपरेशन हाच पहिला उपचार. लाईट, म्हणजे रेडिएशन, गरज असेल तर त्यानंतर, शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू होतं. वयाच्या आकड्यापेक्षा आम्ही बघतो ते वेगळंच: बाबा जिना चढतात का, शुगर किती, हृदय आणि मूत्रपिंड कसं आहे. बायोप्सीची सुई लागली की आजार पसरतो, ही समजूत खोटी आहे. मात्र काढे-भस्मात महिने गेले की गाठ जबड्याच्या हाडात शिरू शकते.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या, पहिल्यांना सांगून घ्या. कुणी रागावलं तर रागावू द्या. पण नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळे लॅबकडून मागून घ्या, स्कॅनची सीडी घ्या, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. मोठ्या केंद्रांत काचा पुन्हा तपासतात आणि कधीकधी निदानच बदलतं. परळच्या टाटा मेमोरियलला जाणं जमत नसेल तर ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून तिथल्या आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत मागवता येतं.

डॉक्टरांना आधी हे विचारा: उपचार बरं करण्यासाठी आहे की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? नंतर तोंड किती उघडेल, भाकरी चावता येईल का? रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालतं. तेवढे दिवस राहायचं कुठे, सोबत कोण, हेही आताच ठरवा. रेडिएशनआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवणं चुकवू नका. किमोची गरज पडली आणि मूत्रपिंडामुळे सिस्प्लॅटिन हे औषध झेपणार नसेल, तर डोसेटॅक्सेलचा पर्याय विचारा. त्याचा अभ्यास टाटामध्येच झाला आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

तंबाखूची पुडी मात्र आजच बंद.

तुमच्या एवढ्या लांब पत्रात बाबांचं स्वतःचं म्हणणं काय, हे एका ओळीतही नाही. ‘तोंड आलंय’ एवढंच त्यांना सांगितलं असावं, असा माझा अंदाज. पुढच्या भेटीला त्यांना बाहेर बाकावर बसवू नका. आत घेऊन या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या.